शिंपले आणि प्रवाळांच्या टाकीसाठी दिवा निवडताना

खाऱ्या पाण्याच्या टाकीविषयी या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे दिवा कोणता घ्यावा याच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत. त्यांतली मुंबईतली पाच पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. गेली दोन वर्षे तीत क्लाउनफिशची जोडी, मश्रूम कोरल आणि झोआ (दोन्ही मऊ अंगाची प्रवाळे) चांगले नांदत आहेत. सध्या वर साधी एलईडी पट्टी आहे. आता लेदर कोरल, हॅमर कोरल आणि एक ट्रायडॅक्ना (महाशिंपल्याच्या कुळातला) शिंपला ठेवण्याची इच्छा आहे. दुकानदाराने तीन पर्याय दाखवले : १६५ वॉटचे एलईडीचे खोके, चार ट्यूबचे टी-फाइव्ह (बारीक ट्यूबलाइट) आणि वापरलेले २५० वॉटचे दोन मेटल हॅलाइड (वायू भरलेले प्रखर दिवे). डोळ्यांना टी-फाइव्ह सर्वांत उजळ वाटले. आपण कोणता दिवा सुचवाल?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दिव्याकडे वळण्यापूर्वी तुमच्या यादीतल्या दोन नावांविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. हॅमर हे दगडी सांगाडा बांधणारे प्रवाळ आहे. असे सर्व दगडी प्रवाळ, तसेच ट्रायडॅक्ना मॅक्सिमा आणि ट्रायडॅक्ना स्क्वामोसा हे शिंपले, २००१ साली १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. ज्या अनुसूचीत वाघ आहे, तीच ही अनुसूची. सागरी किनारा मार्गाचे काम करताना २०२० मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरील प्रवाळांच्या १८ वसाहती रीतसर परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या, त्या याच कायद्यामुळे. ट्रायडॅक्नाच्या इतर जातीही वन्यजीवांच्या व्यापारावरील सायटीज या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, त्यामुळे आयातीचे आणि नोंदणीचे कागद पूर्ण असल्याशिवाय आणि वन विभागाकडे खात्री करून घेतल्याशिवाय कोणताही ट्रायडॅक्ना घरी आणू नये. ‘कागद नंतर देतो’ असे सांगणाऱ्या दुकानातून तर मुळीच आणू नये. हॅमर यादीतून काढून टाका. मश्रूम, झोआ आणि लेदर यांना दगडी सांगाडा नसतो, आणि या तिघांची टाकीसुद्धा अतिशय देखणी होते. शिंपल्याला लागणाऱ्या प्रकाशाविषयी मात्र मी पुढे लिहिणार आहे, कारण दिवा एकदा घेतला की पाच-सहा वर्षे बदलला जात नाही आणि त्याची क्षमता आधीच समजून घेतलेली बरी.

प्रवाळांच्या पेशींमध्ये आणि ट्रायडॅक्नाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतात. ते प्रकाशसंश्लेषणातून साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. अशा टाकीत दिवा हेच मुख्य अन्न असते. मासा उपाशी असला की काचेपाशी येऊन घुटमळतो. प्रवाळ उपाशी असले तर दोन-तीन महिने नकळत आक्रसत जाते, आणि आपण मात्र पाण्याच्या चाचण्या करत दोष शोधत बसतो.

डोळ्यांना टी-फाइव्ह सर्वांत उजळ वाटले, असे तुम्ही लिहिले आहे, आणि नेमकी येथेच बहुतेकांची फसगत होते. माणसाचा डोळा हिरवट-पिवळ्या, साधारण ५५५ नॅनोमीटरच्या उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. निळा आणि जांभळा उजेड भरपूर असला तरी त्याला तो अंधुक वाटतो. या शैवालांची भूक मात्र मुख्यतः ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या निळ्या पट्ट्यात आहे. तांबडा उजेड समुद्राच्या पाण्यात पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि निळा खोलवर जातो. त्यामुळे ज्या जीवांचे हजारो पिढ्यांचे आयुष्य पाण्याखाली गेले, त्यांचे शैवाल निळ्याशी जुळलेले असणे स्वाभाविकच आहे. लुमेन आणि लक्स ही मापे माणसाच्या डोळ्याला धरून ठरवलेली आहेत, म्हणून येथे ती फारशी उपयोगी नाहीत. आपल्याला हवे ते माप म्हणजे पार. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, हे त्यातून मायक्रोमोलमध्ये समजते. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा जमिनीवर २००० च्या आसपास असतो.

घरच्या टाकीत एवढ्या प्रकाशाची गरज नसते. मश्रूम ५० ते १०० मध्ये सुखी असतात, झोआंना ८० ते १५० चालतो आणि लेदरला १०० ते २०० दिला की ते ताठ उभे राहून फुलते. ट्रायडॅक्नाची भूक याहून बरीच मोठी. डेरासा आणि स्क्वामोसा या जातींना निदान २०० च्या आसपास लागतो. उथळ पाण्यातल्या खडकात राहणाऱ्या क्रोशिया आणि मॅक्सिमा यांना २५० च्या वर, कधी ४०० पर्यंत. हौशी मंडळींच्या वर्षानुवर्षांच्या अनुभवातून बसलेले हे अंदाज आहेत, त्यामुळे दहा-वीसने इकडेतिकडे झाले तर घाबरण्याचे कारण नाही. एका मर्यादेपुढे मात्र शैवालांना जास्तीचा प्रकाश वापरता येत नाही, आणि तोच प्रकाश त्यांना इजा करू लागतो.

शिंपल्याच्या दोन झडपांमधून बाहेर पसरणारी रंगीत झालर म्हणजे त्याचे शेतच होय. तिच्यातला निळा-हिरवा झगमगाट विशिष्ट पेशींमुळे येतो, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून दिसून आले की या पेशी उपयोगी प्रकाश झालरीच्या आत खोलवर पसरवतात; तिथे शैवाल उभ्या खांबांसारख्या रांगा करून असतात, आणि अशा रीतीने वरचा तीव्र उजेड खालपर्यंत थोडा थोडा वाटला जातो. झालरीच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात. टाकीवर हाताची सावली पडली की झालर झटकन आत ओढली जाते आणि झडपा मिटतात. अशा जीवाला प्रकाश वरूनच मिळायला हवा, आणि तोही स्थिर. प्रकाश अपुरा असेल तर झालर नेहमीपेक्षा जास्त ताणून पसरलेली दिसते. फार झाला तर ती अर्धवट मिटलेली राहते आणि मधला भाग फिकट पडत जातो. ताणलेली झालर पाहून ‘शिंपला किती छान फुलला आहे’ असे वाटणे ही फार सार्वत्रिक चूक आहे.

आता तुमची टाकी. दोन फूट उंची म्हणजे वाळूपर्यंत पाण्याचा जवळजवळ ५० ते ५५ सेंटिमीटरचा थर, आणि त्या तळाशी २०० पार पोहोचवायचा तर पृष्ठभागाजवळ त्याच्या दुपटीहून अधिक द्यावा लागतो. तेवढ्यात वरच्या खडकावरचे झोआ भाजून निघतील. अशा टाकीत उजेड सारखा असण्याचा आग्रह न धरता जागा वाटून द्याव्यात. दिव्याखाली मधोमध उंच खडक आणि त्याच्या माथ्यावर लेदर, उतारावर झोआ, आणि कडेला व सावलीत मश्रूम.

चार फुटी टी-फाइव्हच्या चार ट्यूब म्हणजे ५४ वॉटच्या हिशेबाने २१६ वॉट. त्यांचा उजेड सर्वत्र सारखा पसरतो, सावल्या जवळजवळ पडत नाहीत, आणि केवळ सॉफ्ट कोरलसाठी, म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्या प्रवाळांसाठी, आजही मला तो फार आवडतो. पण ट्यूब डोळ्यांना तशाच उजळ दिसत असल्या तरी वर्षभरात मंदावतात आणि बदलाव्या लागतात. तो खर्च दरवर्षीचा आहे, आणि चांगल्या निळ्या ट्यूब मुंबईत नेहमी मिळतातच असे नाही. मेटल हॅलाइडचा उजेड सुंदर असतो, पाण्याच्या लाटांची नक्षी तळावर अशी उमटते की बघत राहावे. पण दोन दिव्यांचे ५०० वॉट रोज नऊ तास लावले तर दिवसाला साडेचार आणि महिन्याला सुमारे १३५ युनिट होतात. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन तुमच्या खोलीत आणि पाण्यात उतरते आणि ती बाहेर काढायला चिलरला (पाणी गार करणाऱ्या यंत्राला) आणखी वीज लागते. मुंबईच्या हवेत मी हा पर्याय सुचवणार नाही, तोही वापरलेला तर नाहीच. राहिले एलईडी. १६५ वॉटचे एक खोके साधारण दोन फूट लांबीच्या टाकीला पुरते. चार फुटांवर एकच टांगले तर मधे ऊन आणि दोन्ही टोकांना संध्याकाळ अशी स्थिती होते. म्हणून दोन खोकी घ्या, पाण्यापासून २५ ते ३० सेंटिमीटर वर टांगा आणि निळ्या व पांढऱ्या दिव्यांची तीव्रता वेगवेगळी कमी-जास्त करता येते ना, हे दुकानातच लावून पाहा.

घेतल्यावर मोजा. पार मीटर महाग आहे, पण खाऱ्या पाण्याचा छंद असलेली मंडळी तो एकमेकांना देतात, आणि काही दुकाने भाड्यानेही देतात. मी मीटरचा सेन्सर पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला बांधतो, पंप चालूच ठेवतो आणि टाकीचे नऊ चौकोन कल्पून प्रत्येक ठिकाणी वरचा, मधला आणि तळाचा असे तीन आकडे कागदावर लिहितो. लाटांमुळे आकडा सतत उड्या मारतो, म्हणून दहा-पंधरा सेकंद पाहून मधला घ्यावा. माझ्या घरच्या तीन फुटी टाकीत दिव्याच्या थेट खाली खडकाच्या माथ्यावर ३४० आणि त्याच खडकाच्या मागच्या कपारीत ४५ असे आकडे आले होते. दोन जागांमधले अंतर वीतभरही नव्हते.

नवा दिवा पहिल्या दिवशी ३० टक्क्यांवर ठेवा आणि आठवड्याला पाच टक्क्यांहून जास्त वाढवू नका. तुमचे मश्रूम दोन वर्षे मंद पट्टीखाली राहिले आहेत. त्यांच्यातल्या शैवालांनी त्या मंद उजेडाशी जुळवून घेतले आहे आणि उलट दिशेने जुळवून घ्यायला त्यांना आठवडे लागतात. दिवा न बदलताही हा धक्का बसू शकतो, हे मी स्वतःच्या टाकीत पाहिले आहे. एका पावसाळ्यात माझ्याकडून तीन-चार महिने पाणी स्वच्छ करणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन (कोळसा) बदलायचा राहिला आणि पाणी हळूहळू पिवळसर झाले. रोज बघणाऱ्याला ते जाणवतही नव्हते. मग एके दिवशी एकदम ताजा कार्बन भरपूर घातला. दुसऱ्या दिवशी पाणी काचेसारखे स्वच्छ झाले, आणि आठवडाभरात वरच्या खडकावरचे तांबडे मश्रूम आक्रसून गुलाबी-पांढरे पडले. पिवळे पाणी निळा उजेड शोषत होते; ते साफ होताच दिवा न वाढवता प्रकाश वाढला होता. मश्रूम खालच्या कपारीत हलवले, दिवा २० टक्क्यांनी कमी केला, तेव्हा दीड महिन्याने रंग परतला. तेव्हापासून कार्बन थोडा थोडा आणि नियमितपणे बदलतो.

प्रश्न : गिरगावात आमच्या घरी गॅलरीलगत टाकी आहे आणि दुपारी तीन ते सहा तिच्यावर पश्चिमेचे ऊन येते. प्रवाळ उन्हातच वाढतात, तर दिवा न लावता भागेल का? मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर जाते, त्यासाठी पंखा पुरेल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : उन्हाइतका परिपूर्ण प्रकाश कोणताही कारखाना बनवू शकत नाही, हे खरे. अडचण अशी की तुमच्या टाकीवर तो बाजूने येतो आणि बेभरवशाचा आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले असते. त्या चार महिन्यांत प्रवाळांमधले शैवाल मंद उजेडाशी जुळवून घेतात, आणि मग ऑक्टोबरचे कडक ऊन एकदम काचेवर येऊन आदळते. शिवाय बाजूच्या उन्हाने काचेवर हिरवे शेवाळ चढते आणि संध्याकाळपर्यंत पाणी तापते. गॅलरीला बांबूची चिक लावून ऊन गाळून घ्या आणि मुख्य प्रकाश वरच्या दिव्याचाच ठेवा.

३१ अंश ही गंभीर बाब आहे. प्रवाळांसाठी २५ ते २७ अंश योग्य. तीव्र प्रकाश आणि गरम पाणी एकत्र आले की शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, ती यजमानालाच घातक ठरू लागते आणि प्रवाळ त्यांना बाहेर टाकून पांढरे पडते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांवर समुद्र तापल्यामुळे हेच संकट आले होते. पंखा पाण्याचे बाष्पीभवन करून गारवा देतो, पण मुंबईच्या दमट हवेत ते फारसे होत नाही, आणि पावसाळ्यात तर अगदीच कमी. चिलर घ्यावाच लागेल, आणि तो कपाटात कोंडू नका, नाहीतर स्वतःच सोडलेली गरम हवा तो पुन्हा ओढतो. चिलर येईपर्यंत पाणी २८ अंशांच्या वर गेले की दिव्याची तीव्रता निम्म्यावर आणा. त्या दिवसांत प्रवाळांना थोडे कमी अन्न मिळाले तरी चालेल. बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचे गोडे पाणी घालावे, कारण मीठ टाकीतच राहिलेले असते.

प्रश्न : मुलांना रात्री फक्त निळा दिवा लावलेला आवडतो, कारण त्यात झोआ चमकतात. दिवसभर निळाच ठेवला तर चालेल का? आणि दिवा एकूण किती तास असावा?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : झोआंच्या शरीरातली काही प्रथिने निळा उजेड शोषून हिरवा किंवा नारिंगी उजेड बाहेर टाकतात, मुलांना दिसते ती चमक हीच. ती सुंदर आहे आणि मुलांनी ती जरूर पाहावी. निळ्या उजेडावर वाढही होऊ शकते. माझा आक्षेप वेगळ्या कारणासाठी आहे : फिकट पडू लागलेले प्रवाळही निळ्या उजेडात झळकत राहते आणि आजार आठवडे लपून राहतो. म्हणून दुपारच्या वेळी पांढरा उजेड मिसळलेला असावा, आणि आठवड्यातून एकदा तरी पंधरा मिनिटे केवळ पांढऱ्या उजेडात प्रत्येक झोआ जवळून पाहावा. एकूण आठ ते दहा तास पुरे, त्यांतले पाच-सहा तास पूर्ण तीव्रतेचे, आणि दोन्ही टोकांना निळा. मुले शाळेतून येईपर्यंत चमक शिल्लक राहावी असे वाटत असेल तर टायमर सकाळी उशिरा सुरू करा. रात्री मात्र संपूर्ण काळोख हवा. माशांनाही झोप लागते.

प्रश्न : पार मीटर परवडत नाही. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपने काम भागेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : उन्हासाठी लक्सच्या आकड्याला ५४ ने भागले की पारचा बरा अंदाज मिळतो. निळ्या एलईडीला हे गणित लागू पडत नाही. लक्स निळा उजेड जवळजवळ मोजतच नाही, त्यामुळे पार प्रत्यक्षात कितीतरी जास्त असतो आणि ॲपवर विसंबून दिवा वाढवला तर प्रवाळ भाजतात. ॲपचा एकच खरा उपयोग आहे : दिवा तोच, मोबाइलची जागा तीच आणि महिना वेगळा असेल, तर दिवा किंवा त्याची काच मंदावली आहे का, हे त्यावरून कळते.

प्रश्न : दिव्याच्या पट्टीवर पांढरे मीठ साचते. परवा पट्टी पुसताना हाताला हलका झटका बसला. काय करावे?
— एक वाचक, परळ

उत्तर : हे पत्र वाचून मला काळजी वाटली. कृपया आजच तो दिवा प्लगमधून काढून ठेवा आणि तपासणी होईपर्यंत लावू नका. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे आणि साचलेले मीठ हवेतली ओल धरून ठेवते. पावसाळ्यात तर ते दिवसभर ओलेच असते. परळमधल्या अनेक जुन्या इमारतींत अर्थिंग नीट नसते, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून आधी ते तपासून घ्या आणि टाकीच्या जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती होताच तो क्षणात वीज तोडतो. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाशीच ठिबकते. दिवा टाकीच्या काठावर नुसता टेकवून ठेवू नका, पक्क्या स्टँडवर किंवा स्लॅबमधल्या हुकावर टांगा. तपासणीनंतर दर आठवड्याला प्लग काढून, दिवा गार झाल्यावर, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पट्टी आणि काच पुसून घ्या. मिठाचा पापुद्रा उजेडही अडवतो, म्हणून पहिल्यांदा साफ केल्यावर तीव्रता थोडी उतरवून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत करा.